लाइव्हला एकच जण

आज सोमवार. ग्रंथालयाच्या पेजवर मी पहिल्यांदाच लाइव्ह केलं. नवीन पुस्तकं दाखवायची होती. सवयीने मी आधी पुस्तकांवरचे दाखल क्रमांकच वाचू लागले.

"दीदी, एक जण पाहून राहिला," मोबाइल धरलेली आमची मदतनीस सोनल म्हणाली.

पडद्यावर माझ्या यजमानांचं नाव होतं. हे दिवाळीनंतर गेले. त्यांचा फोन बंद करून मी कपाटात ठेवलाय.

"कुठं तरी लॉगिन राहिलं असन. खातं बंद करून टाकू का?"

"नको."

हे नेहमी चिडवायचे, "पुस्तकाचं नाव सांग ना, नंबर कोण ऐकते?" मग मी नावं आधी वाचली. शेवटपर्यंत हे तिथेच होते.

तुम्ही खातं बंद केलं असतं?

घरी येऊन कपाट उघडलं. फोन बंदच होता. मी तो चार्जिंगला लावला.