कार्डावरचा पत्ता

मावशी गरोदर बाईच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. खाली वाकून तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबत आणि खळगा किती वेळ राहतो ते बघत. "सूज आहे. मीठ कमी कर." नाव-गाव त्यानंतर. म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहात आया म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही.

परळच्या आमच्या चर्चमध्ये त्या तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसत. अशी एक बाई तुमच्याही ओळखीची असेल. सगळ्यांची मावशी, आणि चर्चच्या कमिटीला नकोशी.

पंचवीस मार्चला आमच्याकडे न जन्मलेल्या बाळांसाठी प्रार्थना होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू होण्याआधी प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. एका अनोळखी बाळाला मनानं दत्तक घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, ते कार्डावर लिहायचं आणि नाताळपर्यंत, नऊ महिने, रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची. कार्डं टोपलीत जमा होतात आणि अर्पणाच्या वेळी वेदीपुढे नेली जातात. फादर त्यातली चार-पाच उचलून नावं मोठ्यानं वाचतात.

मावशी दरवर्षी कार्ड परत करत. "पत्ता द्या," म्हणत.

कमिटीच्या सेक्रेटरी निवृत्त शिक्षिका. मावशी त्यांना टीचर म्हणत. हे बाळ कुठं आहे ते देवालाच ठाऊक, असं टीचर समजावत.

"मग देव बघतोच आहे त्याच्याकडे. ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ते मला द्या."

लोक हसत. मीही हसलो आहे. मावशी त्याच आठवड्यात जुन्या प्रसूतिगृहात जाऊन एक पत्ता घेऊन येत. शिवडीच्या बांधकामावरची कोणी, घोडपदेवच्या चाळीत नवऱ्यानं टाकलेली कोणी. दर शुक्रवारी तिच्याकडे डबा जाई. नाचणीची पेज, सोबत सुकटाची चटणी. तिचा धर्म त्यांनी कधी विचारला नाही. बाळ झालं की एकदा बघून येत आणि विषय संपवत.

गेल्या वर्षी पत्ता शोधावा लागला नाही. तो चर्चच्या मागच्या चाळीतच होता.

कॉयरमध्ये गाणारी बावीस वर्षांची मुलगी. लग्न झालेलं नव्हतं, पाचवा महिना होता. ज्याचं मूल, त्यानं हात वर केले होते. वेळेत मोकळी हो, असं भाऊ तिला सांगत राहिला. ती नाही म्हणाली. लहानपणी चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल पाडणं पाप असं जे ऐकलं, ते तिनं खरं मानलं होतं. पंचवीस मार्चचं स्तोत्र तीच गाणार होती. आदल्या रविवारी तिला सांगण्यात आलं की या वेळी खाली बसावं.

मावशी टीचरकडे गेल्या. चर्चच्या पत्रिकेचं काम मी पाहतो. त्याच खोलीत प्रूफं तपासत होतो.

"दिवस तिच्या बाळाचा, आणि तिलाच खाली बसवता, टीचर?"

"मावशी, ती वर उभी राहिली तर चुकीचा संदेश जातो."

"तुम्ही शिकवलंत तेच तिनं केलं. आता तुम्हालाच लाज वाटते?"

टीचर म्हणाल्या, फादरांशी बोला. फादर म्हणाले, कॉयरचं कमिटी बघते. मावशींचा आवाज चढला नाही. जाताना त्यांनी मला विचारलं, हे तुझ्या पत्रिकेत छापशील का? जागा नाही, असं मी सांगितलं. जागा होती.

पंचवीस मार्चला मावशी शेवटच्या बाकावर, मुलीशेजारी बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी कार्ड घेतलं. मी पुढच्याच बाकावर होतो.

"लिहू का, बाय?"

"लिहा. कोणाला माहीत नाही?"

अर्पणाच्या वेळी फादरांनी सवयीनं कार्डं उचलली. दोन नावं वाचली. तिसऱ्या कार्डावर होतं, "दुसरा मजला, खोली नंबर अकरा, चर्चमागची चाळ." फादरांनी तेही मोठ्यानं वाचलं. माना मागे वळल्या आणि तितक्याच लवकर पुढे झाल्या. फादरांनी पुढचं नाव वाचलं.

मिस्सा संपल्यावर मावशी दारात उभ्या राहिल्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न. "पत्ता ऐकलात ना?"

जुलैपर्यंत त्या खोलीवर मावशींखेरीज तिघीजणी गेल्या. दोघी शेजारणी, दोघीही हिंदू. तिसरी आमच्या चर्चमध्ये झाडू मारणारी. कॉयरमधल्या त्या मुलीला जुलैत मुलगी झाली.

पावसाळा सरता सरता मावशी गेल्या. पत्रिकेत मी श्रद्धांजली लिहिली, 'प्रेमळ स्वभावाच्या' असं. त्या संतापलेल्या होत्या आणि मला ते माहीत होतं.

यंदा कार्डावर एक ओळ नव्यानं छापली गेली: कृपया फक्त नाव लिहावे. प्रूफ मीच तपासलं.

पंचवीस मार्चला दोन मिनिटांच्या मौन प्रार्थनेत शेवटच्या बाकावर आठ महिन्यांची पोर रडू लागली. एक स्वयंसेविका वाकून तिच्या आईच्या कानाशी काही बोलली. आई पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर गेली. तिसऱ्या बाकावरची भिंतीकडची जागा रिकामी होती. कोणी उठलं नाही. मीही नाही.

न जन्मलेल्या बाळांसाठी आमची प्रार्थना पूर्ण होईपर्यंत चर्चच्या अंगणातून त्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं.