हळूभाऊचं लायसन

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की लाँड्रीची वाफ कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं, तेच कळेना. हळूभाऊ इस्त्रीच्या खोलीतून चादरींची गरम गाठोडी छातीशी धरून आणत होते आणि व्हॅनमध्ये रचत होते. हॉस्पिटलांची आत, वृद्धाश्रमाची दाराशी. वृद्धाश्रम पहिला लागायचा. तिथे त्यांची बायको होती.

हळूभाऊ हे नाव गाडी चालवण्यावरून पडलेलं. त्यांच्या मागे सायकलवालासुद्धा वैतागतो, असं बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे. पण मोबाइलमध्ये लायसन घ्यायला सगळ्यांत आधी पळाले ते हेच. जुनं कार्ड कात्रीनं कापून टाकलं आणि गेटवर पाकिटं चाचपत बसणाऱ्यांना म्हणाले, शोधा बाबांनो, तोवर मी एक खेप करून येतो.

बायकोला आता नवरा आठवत नव्हता. व्हॅनचा हॉर्न तेवढा आठवायचा. दोनदा आखूड, एकदा लांब वाजला की ती दारात यायची, हाताला धरून त्यांना आत न्यायची, शेजारी बसवून घ्यायची. एकदा सुट्टीच्या दिवशी ते बसनं गेले, तर तिनं नर्सला हळूच विचारलं, हे गृहस्थ कोणाकडे आलेत?

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, डाव्या अंगाचं दिसणं गेलंय आणि हे मला आरटीओला कळवावंच लागेल. कार्ड असतं तर निदान खिशात राहिलं असतं. मोबाइलमधलं लायसन कुणी हातही न लावता बंद होणार होतं. म्हणून हळूभाऊंनी ते चालू होतं तेव्हाच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. काल संध्याकाळी खरं लायसन करडं पडलं. त्यावर आडवं लिहून आलं, ‘रद्द’.

गेटवरच्या ताईला मोबाइल दाखवल्याशिवाय किल्ली मिळत नसे. हळूभाऊंनी स्क्रीनशॉट समोर धरला. एरवी ती नुसती मान हलवायची. आज तिनं फोन हातात घेतला. खऱ्या लायसनवर फोटोखाली घड्याळाचे सेकंद पळत असतात. ती बघत राहिली.

“भाऊ, हे थांबलंय.”

नेट नसेल, असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, “एकच खेप, ताई. तिच्याकडची तेवढी.”

“परवा गेटच्या डाव्या खांबाला आरसा घासलात, तेव्हा मी त्याच खांबाला टेकून उभी होते,” ताई म्हणाली. “तुम्हाला मी दिसलेच नाही. कुणाला बोलले नाही तेव्हा. पण आता किल्ली नाही देता येणार मला.”

हळूभाऊंनी फोन खिशात टाकला. मग तिनंच टकलूला हाक मारली. हा बदली ड्रायव्हर. तो चालवेल, तुम्ही शेजारी बसून जा, म्हणाली.

वाटेत इतकी हळू गाडी टकलूनं जन्मात चालवली नसेल. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी हळूभाऊ त्याच्यापुढून वाकले आणि हॉर्न स्वतः दाबला. दोनदा आखूड, एकदा लांब.

“गाडीवाले आले,” म्हणत ती बाहेर आली. अंगात उलटा स्वेटर. व्हॅनला वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला गेली आणि खाली उतरलेल्या टकलूचा हात तिनं धरला.

“आज किती उशीर केलात. मला वाटलं, विसरलात.”

टकलूचं तोंड उतरलं. “काकू, मी नाही हो, काका इकडे आहेत.”

तिनं मान वळवून हळूभाऊंकडे पाहिलं. परक्याकडे बघून हसतात तसं हसली. मग टकलूला म्हणाली, “तुमच्या माणसाला सांगा, चादरी आत ठेव म्हणावं. बाहेर दमट होतील.”

टकलू हात सोडवून घ्यायला लागला. हळूभाऊंनी मानेनंच नको म्हटलं. “जा तिच्याबरोबर. थोडा वेळ बस. आणि तिचा स्वेटर उलटा आहे, नर्सला सांग.”

दोघं आत गेले. हळूभाऊंनी मागचं दार उघडलं, वरचं गाठोडं खांद्यावर घेतलं. ते अजून कोमट होतं. आत नेऊन ठेवलं. मग कोपऱ्यातला मळक्या चादरींचा ढीग पुढे ओढला आणि ते खाली बसून धुवायला न्यायची गाठोडी बांधायला लागले.