खोडरबर आणि धोंडूमामाचं गाऱ्हाणं

चहा ओता, पण आधी एक अट. ऐकताना कोणी हसायचं नाही. प्रसंग गंभीर होता. माझा सख्खा मामा स्ट्रेचरवर होता आणि मी हातात खोडरबर घेऊन उभा होतो. हे बघा, खोडरबर म्हटल्याबरोबर हा फिसकन हसला! मग मी सांगतच नाही.

बरं, सांगतो. नाहीतर तुम्ही स्कॅन सेंटरच्या समीक्षाकडून ऐकाल आणि ती तिखटमीठ लावल्याशिवाय राहायची नाही.

माझं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काम चोख, पण स्वभावाला एक खोट. मला थांबता येत नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत मी दाराच्या दांडीला लोंबकळतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ताट घेऊन बसतो. बायको म्हणते, तुमचा जन्म नवव्या महिन्यापर्यंत कसा काय थांबला?

तर आपल्या इथल्या एका स्कॅन सेंटरमध्ये नवा कॉम्प्युटर आला. साधासुधा नव्हे! स्कॅनचं यंत्र डोक्याचे-पोटाचे पातळ पातळ काप टिपतं आणि हा कॉम्प्युटर ते जोडून डॉक्टरांपुढे चित्र उभं करतो. त्यासाठी त्याला मेमरी अफाट. झाकण उघडलं तर आत रॅमच्या पट्ट्या, पडवीत कौलं उभी रचून ठेवावीत तशा.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला एका सकाळी बोलावलं.

"प्रकाश, हा चालू व्हायला फार वेळ घेतो हो. बटण दाबून आमचा सगळ्यांचा चहा होतो, तरी पडदा आपला काळाच."

"बाई, हे काय काम आहे? बटणावरचं बोट उचलायच्या आत चालू करून देतो!"

"बसवून गेले ते म्हणाले, मेमरी मोठी आहे, वेळ लागायचाच. उगाच आत हात घालू नका म्हणाले."

"पुण्याचे असतील," मी म्हटलं.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. कॉम्प्युटर चालू होईना, अडखळला, रुसला, काहीही झालं की आम्ही पहिल्यांदा काय करतो? रॅम काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने घासतो, फुंकर मारतो आणि परत बसवतो. दहात आठ वेळा गाडी रुळावर येते. गिऱ्हाइकाला वाटतं केवढा इंजिनिअर! माझ्या वरच्या खिशात पेन नसेल एखादवेळ, खोडरबर असतोच.

समीक्षा, म्हणजे तिथली स्कॅन काढणारी मुलगी, बघत राहिली. मी सगळ्या पट्ट्या उपटल्या, टेबलावर मांडल्या, एकेक घासली आणि जिथे खाच मोकळी दिसली तिथे खुपसली. कुठली कुठून काढली ते कोण बघतंय? सगळ्या सारख्याच तर होत्या!

"प्रकाशदादा, नंबर घालून ठेवायच्या होत्यात ना?"

"तू स्कॅन बघ, मी रॅम बघतो."

बटण दाबलं. पंखे घों घों करून उठले. पडदा काळा. आणि तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि कोणीतरी रडत माझंच नाव घेतलं.

मामी! दारात माझी गाडी बघून हाका मारत आत आली, आणि मागून स्ट्रेचरवर धोंडूमामा.

मामाचं गाव सावर्ड्याच्या आत. आदल्या दिवशी मागल्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि डोकं आपटलं. तेव्हा म्हणाला, काय नाय झाला. पण सकाळपासून उलट्या, आणि चहा घेऊन गेलेल्या मामीला त्याने विचारलं, "तू कोण गो?" उभा जन्म जिच्याशी भांडण्यात काढला, तिला! मामीने कप तिथेच ठेवला आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय हलवून बघितले. "डोक्यात रक्त साकळलंय का, ते आधी बघायला हवं. असेल तर वेळ न घालवता कोल्हापूरला न्यायचं. समीक्षा, स्कॅनला घे."

समीक्षाने माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मामीनेही डोळे पुसून बघितलं.

"होतोय," मी म्हटलं. "आत्ता होतोय."

पडदा काळाच. मला वाटलं, एखादी पट्टी नीट बसली नाही. बटण दाबून धरलं, बंद केला. पट्ट्या काढल्या, घासल्या, बसवल्या. घों घों. काळा. परत बंद. परत घासाघाशी. घों घों. काळा! घाईत पट्टी खाचेत जाईना. सारखी मामाची आठवण. लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन पऱ्याचं, भरल्या ओढ्याचं पाणी ओलांडणारा माणूस भिंतीपलीकडे पडलाय, आणि त्याच्या डोक्यात काय आहे हे दाखवणारं इथलं एकुलतं एक डबडं मी उघडून बसलोय! अहो, मी रडत होतो. रडत होतो आणि घासत होतो.

"बाई, दुसरीकडे..." मी म्हटलं.

"गाडी सांगितलीय," त्या म्हणाल्या. "गाडी दारात येईपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर पेशंटला पुन्हा उचलायचा, पुन्हा तिथे रांग. मला त्यांना हलवायचं नाहीये, प्रकाश."

मी परत बटणाकडे हात नेला. आणि भिंतीपलीकडून मामाचा आवाज आला. क्षीण, पण आला.

"काय गो ता? घुमतंय नि बंद पडतंय?"

"आपला पक्या मशीन चालू करताहे," मामी म्हणाली.

"पक्या? मंग झालाच! मधीच तोडत असंल. त्याला सांग, मधी तोडलंस तर परत पयल्यापास्ना."

इथे तुम्हाला थोडं मागे न्यायला हवं. धोंडूमामा गावात गाऱ्हाणं घालतो. शिमग्याला पालखी आली की नारळ हातात धरून तो बोलायला लागतो. ग्रामदेवतेपासून शिवेवरच्या राखणदारापर्यंत एकेकाचं नाव घ्यायचं, प्रत्येकाला साकडं घालायचं, आणि तो थांबला की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणी मध्ये तोडलं तर चालत नाही. मी लहान असताना मला नारळाच्या खोबऱ्याची घाई. मामा श्वास घ्यायला थांबला आणि मी केवढ्यांदा ओरडलो, "व्हय म्हाराजाऽ!" मामाने माझ्याकडे एकदा बघितलं, नारळ नीट धरला आणि पहिल्या देवापासून सुरुवात केली. त्या दिवशी सगळं गाव उशिरा जेवलं. अजून शिमग्याला गेलो की म्हाताऱ्या विचारतात, "ह्योच ना तो?"

बटणावरचा माझा हात तिथेच राहिला.

"बोलणं तरी स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "प्रकाश, तुम्ही बाहेर जा. मामांजवळ बसा. समीक्षा, बटण दाब, आणि आता ह्याला कोणी हात लावायचा नाही. ह्यांनी तर मुळीच नाही."

मी स्ट्रेचरजवळ बसलो. मामाचा हात हातात घेतला. तळवा खरखरीत आणि थंडगार. त्याने डोळे मिटले होते. भिंतीपलीकडे पंखे घुमायला लागले, आणि त्या आवाजावर म्हणा किंवा कशावर म्हणा, मामा पुटपुटायला लागला.

"हे बा गावदेवी... हे बा चव्हाट्याच्या म्हाराजा... ही लेकरा तुझ्या पायाशी आली हायत... त्यांची वाट सोडव..."

तो थांबला. मी बघितलं, श्वास घेतोय की संपलंय? श्वास घेत होता. मी दात दाबून गप्प बसलो. मग त्याने माझा हात दाबला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मामीनेही म्हटलं.

एकेक देव येत होता आणि पुढे जात होता. मी आयुष्यात एवढा थांबलो नव्हतो. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. माझी नजर दाराकडे गेली, पण मामाचा हात सोडला नाही. मामा शिवेवरच्या राखणदारापर्यंत पोचला होता.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं, आणि आतून समीक्षा ओरडली, "बाई, आला! पडदा आला!"

स्कॅन झाला. आत रक्तबिक्त काही नव्हतं. डोक्याला मुका मार, दोन दिवस निजवून ठेवा, लक्ष ठेवा, एवढंच. मामी तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. मामाने डोळे उघडून तिला विचारलं, "आता तुला काय झाला?" म्हणजे ओळखलं तिला! मी बाहेर ओट्यावर जाऊन खोडरबर पार गटारात भिरकावला.

मग बसवणाऱ्यांना फोन केला. पुण्याचे नव्हते, चिपळूणचे निघाले. त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हणे एवढी मेमरी असली की चालू होताना कॉम्प्युटर प्रत्येक पट्टी तपासतो, तिच्याशी सूर जुळवतो, तोवर पडदा काळाच. एकदा जुळला की लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी लवकर उठतो. पण पट्ट्यांच्या जागा बदलल्या किंवा मध्येच बंद केला की सगळं नव्याने. "सकाळी आपलं चहापुरतंच लागायचं," ते म्हणाले. "तुम्ही काही केलंत का?"

"नाही, मी कशाला काय करतोय?" मी म्हटलं.

मामा आता खडखडीत आहे. काजूच्या झाडाखाली उभा राहून गड्यांवर ओरडतो. आणि स्कॅन सेंटरचं म्हणाल, तर परवाच सकाळी समीक्षाचा फोन आला.

"प्रकाशदादा, वीज गेली होती. कॉम्प्युटर बंद पडलाय, परत चालू करायचाय."

मी हातातला चहा खाली ठेवला, गाडीची किल्ली उचलली. म्हटलं, शेवटी आठवण माझीच झाली ना! "निघालोच. पोचतो बघ."

"नको नको!" ती घाईघाईने म्हणाली. "म्हणून तर फोन केला. बाई म्हणाल्या, आधी दादा दुकानातच आहेत ना, तेवढी खात्री कर. मगच बटण दाब."