रिकाम्या मशीनवरचा लोड

दुपारी सगळे जेवायला गेले होते. आमच्या सर्व्हरला काहीच काम नव्हतं, तरी स्क्रीनवरचा लोडचा, म्हणजे कामाच्या भाराचा, आकडा एकच्या खाली उतरत नव्हता. बाहेरचं कोणी चोरून मशीनमध्ये शिरलंय की काय?

आमच्या सीनियर शिल्पाताई डबा धुऊन परत येत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "कोणी नाही गं. एक प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलीय. हे मशीन नुसतं ताटकळणंही लोडमध्ये धरतं."

"बंद करून टाकू तिला?"

"होत नाही. उत्तर आल्याशिवाय हलायची नाही ती."

माणसाच्या बाबतीत आपण असं धरत नाही. बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. सकाळपासून मी एक ओळही लिहिली नव्हती, तरी मान भरून आली होती. आईच्या गाठीचा रिपोर्ट आज यायचा होता आणि फोन मी टेबलावर पालथा घालून ठेवला होता.

तेवढ्यात टेबल थरथरलं. हात फोनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. स्क्रीनवर एकचा आकडा अजून तसाच होता, म्हणजे डिस्कचं उत्तर अजून आलं नव्हतं. तो तसाच राहावा, असं मला वाटत होतं.