किती वाजले

परळच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी फ्रॉकमधली एक म्हातारी आंटी होती. तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली. मध्येच ती चकतीला मोबाइल लावायची, शुगरचा आकडा बघायची आणि पुन्हा शेंगा सोलायची. चेहरा होता तसाच.

मी सातवी नापास, गावापासून लांब. माझं शुगर मोजायचं यंत्र भीतीने ट्रंकेत पडून होतं. न राहवून तिला म्हटलं, "आंटी, मला आकडा बघवत नाही. दर वेळी नापासच."

"अरे बाबा, ते मार्क नाय, घड्याळ हाय. किती वाजले बघून कोण रडतो काय? उशीर झाला तर पाय उचलायचा."

संध्याकाळी खोलीवर यंत्र काढलं. आकडा मोठाच आला. मी चपला घातल्या आणि चालायला निघालो.