डिस्कच्या फटीतल्या अक्षता

मुलाचा इंदूरहून फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते.

"आई, दसऱ्याला येतोय. तो जुना गेमचा डबा काढून ठेव, एक्सचेंजमध्ये देऊन टाकू. नवीनवाल्यात डिस्कची झंझटच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे स्लॉटच नाही. आजकाल डिस्क लावतो कोण? गेम डाउनलोड होतात, पिक्चर नेटवर दिसतात. गेमच्या मशीनला पिक्चरच्या डिस्कची काय गरज?"

"बघू" म्हणून मी फोन ठेवला आणि भेंडी तशीच टाकून डबा जागेवर आहे ना ते बघून आले. तशी मला काळजी करायला कारण लागत नाही, गॅस बंद केला का ते मी कुलूप लावून दोनदा परत येऊन बघते. पण या वेळी कारण होतं आणि चांगलं भरभक्कम होतं. त्या डब्यात यांचा आवाज होता.

हे म्हणजे माझे यजमान. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, चालणं काठीवर आलं आणि बोलणं थांबलं. समजतं सगळं. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "सर को उन्हीं की पुरानी आवाज़ सुनाइए. साथ-साथ बोलने की कोशिश करेंगे." आता जुना आवाज आणायचा कुठून? मोबाइलमध्ये फोटो ढीगभर, आवाज एक नाही. यांना मोबाइलवर बोलणं म्हणजे शिक्षाच वाटायची.

मग यांच्या साठीशांतीची डिस्क आठवली. आमच्या फोटोवाल्याने तेव्हा नुकताच भारी कॅमेरा घेतला होता आणि त्याला तो कुठे मिरवू नि कुठे नको असं झालं होतं. "आंटी, इतना क्लियर कि साड़ी के धागे गिन लो," म्हणत त्याने साध्या डिस्कऐवजी ब्लू-रे दिली. पहिली वीस मिनिटं नुसता राम घाट, पाणी, कबुतरं आणि गुरुजींच्या हातातला दर्भ. त्यानंतर संध्याकाळचा हॉल आणि यांचं भाषण. "मी काय बोलणार? तीस वर्षं घरात हिच्यासमोर तोंड उघडायची सोय नाही. आज माइक हातात आलाय, तर बोलून घेतो, भाई!" सगळा हॉल हसला होता. मी तेव्हा रागावले होते, तेही डिस्कमध्ये स्पष्ट दिसतं.

ब्लू-रे साध्या प्लेअरवर चालत नाही, त्यामुळे ती डिस्क घरात फक्त मुलाच्या गेमच्या डब्यात चालायची. रोज दुपारी चारला मी राम घाट पळवायची, भाषण लावायची आणि स्वयंपाकघरात जायची. तिथून ऐकलं की वाटायचं, बाहेर हे ठणठणीत आहेत, कोणीतरी आलंय आणि गप्पा चालल्यात. ती अकरा मिनिटं माझी सगळ्यात निवांत. सहा महिन्यांनी यांच्या ओठांतून "अगं" आलं. मग "बरं". मग एकदा टीव्हीतल्या यांच्याबरोबर खुर्चीतलेही हे म्हणाले, "मी काय." मी हातातलं लाटणं घेऊन तशीच बाहेर धावले होते.

म्हणून त्या डब्यात माझा जीव अडकला होता. डिस्क फिरताना सूं आवाज यायचा, तो रोजच्यासारखाच आहे ना, हे मी कान देऊन ऐकायची. डबा तापला का म्हणून वर हात ठेवून बघायची, लाइट गेली की आधी त्याचा प्लग काढायची. फोटोवाल्याकडे गेले, तर तो आता प्लॉट विकतो आणि जुनी हार्ड डिस्क कधीच बसली म्हणाला. देवास गेटच्या कॉम्प्युटरवाल्याने डिस्क उलटीपालटी करून परत दिली. "मैडम, इसका ड्राइव अब किसी के पास नहीं मिलेगा." मोबाइलने टीव्हीसमोर शूटिंग करून पाहिलं, त्यात पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या सुरेख आल्या. कॉपी करायचं मशीन आणतो असं मुलगा दर खेपेला म्हणायचा आणि विसरायचा.

मुलगा नवमीला सकाळीच आला. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. पूर्वजांच्या तलवारी कुठल्या कुठे गेल्या. आता पाटावर मुलाचा लॅपटॉप, यांची कंपासपेटी, मिक्सर, शिलाई मशीन आणि अंगणात स्कूटर. त्या वर्षी मी गेमच्या डब्यालाही मान दिला. डॉक्टरांच्या औषधांपेक्षा त्यानेच जास्त काम केलं होतं. हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि कुंकवाच्या ओल्या अक्षता वाहिल्या. मिक्सरच्या भांड्याला वाहतो, शिलाई मशीनच्या सुईपाशी वाहतो, म्हणजे ज्या तोंडाने ते काम करतं तिथे. याचं तोंड कुठलं, तर डिस्कची फट. चांगल्या मूठभर वाहिल्या. नमस्कार करून मनात म्हटलं, बाबा रे, यांना बोलतं कर.

चार वाजता बटण दाबलं. सूं ऐवजी खर्र-खर्र आलं, मग टक, मग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना. डिस्क आत आणि ती बाहेर येईना.

मुलाने फटीत टॉर्च मारला. मग म्हणाला, "आई, यात तांदूळ आहेत."

दोन वर्षं जिवापाड जपलेली वस्तू मी माझ्याच हाताने मोडली होती, तीही पूजा करून.

"जाऊ दे ना," तो समजावायला लागला. "तसंही बंदच होणार होतं हे. कंपनीवाले तरी कशाला ठेवतील स्लॉट? सगळं नेटवर आहे."

"तुझ्या नेटवर तुझे बाबा आहेत का?" मी ओरडले. "आहेत का? दाखव मला."

त्याने टॉर्च बंद केला. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा, दुकानं बंद. चार वाजता हे सवयीने काठी टेकत आले आणि बंद टीव्हीसमोर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. "आज मशीन खराब आहे हो," एवढं सांगून मी पळाले आणि ओट्यापाशी उभी राहून नुसती ऐकत राहिले. काहीच ऐकू येत नव्हतं. आलेले शब्द आता परत जातील, आधी "मी काय" जाईल, मग "बरं", शेवटी "अगं" जाईल, असा हिशेब मनात चालू झाला. दोनदा डोकावून पाहिलं. हे गॅलरीतल्या चिमण्यांकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, यांनी आशा सोडली. सोनं द्यायला शेजारी आले, त्यांच्याशी मी काय बोलले तेही आठवत नाही.

एकादशीला सकाळी मुलगा डबा घेऊन देवास गेटला गेला, मीही हट्टाने मागे स्कूटरवर बसले. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून डबा तिरका केला. कागदावर लाल तांदूळ पडले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, इसको भोग लगाया था क्या?"

मुलगा हसला. मला रडू येत होतं. मी विचारलं, "भैया, डिस्क तो ठीक है ना?" त्याने ती उजेडात धरली, फडक्याने पुसली, आतली लेन्स साफ केली, एक दात तुटलेलं चाक कसंबसं बसवलं. तासाभराने त्याच्या छोट्या टीव्हीवर राम घाटाचं पाणी वाहायला लागलं. "चल तो गया," तो म्हणाला, "कब तक चलेगा, महाकाल जानें."

घरी येऊन मुलाने सगळं जोडून दिलं. एक्सचेंजचं नाव काढलं नाही. जेवून तीनच्या बसने तो गेला.

चार वाजले. हे येऊन बसले. मी राम घाट पळवला. हॉल आला, माइक आला. "मी काय बोलणार?" टीव्हीतले हे म्हणाले. त्या दिवशी मी आत गेले नाही, दाराशी उभी राहून यांच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत. डावा हात रिमोटकडे गेला. आवाज वाढवायचा असेल म्हणून मी पुढे झाले, तर यांनी स्वतःच बटण दाबलं. टीव्ही बंद झाला.

"अहो, काय झालं? नीट झालंय ते आता. चाललंय की छान."

यांनी मान हलवली. शब्द यायचा असला की यांच्या गळ्याची शीर ताठ होते, तशी झाली.

"न... नको."

हा शब्द त्या डिस्कमध्ये कुठेच नव्हता. मी ती इतक्या वेळा ऐकलीय की मला पाठ आहे. हा यांचा नवा, स्वतःचा शब्द होता. मला हसावं की रडावं कळेना. पण यांचं अजून संपलं नव्हतं. डाव्या हाताने यांनी शेजारची खुर्ची थोपटली.

"तू," म्हणाले. पुष्कळ वेळ गेला. "तू बोल."

मी बसले. काय बोलू? दोन वर्षांत मी यांच्याशी गोळी घ्या, पाय वर घ्या, तोंड पुसा, याखेरीज काही बोलले नव्हते. जे बोलायचं ते त्या डब्यावर सोपवून मी आत निघून जायची. आता सांगण्यासारखं इतकं साठलं होतं की कुठून सुरुवात करावी ते सुचेना. तोंड उघडलं, तर शब्दच येईना. हे माझ्या ओठांकडे बघत शांतपणे बसून राहिले.