मामांच्या गाडीचं कोड

आमचे मामा गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी लॅपटॉप उघडायचे. गाडी जुनी, लॅपटॉप त्याहून जुना. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायम पेटलेला, पण गॅरेजवाल्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, ही मामांची प्रतिज्ञा. अख्खं गडमुडशिंगी त्यांना केबलमामा म्हणायचं.

गाडीचा बिघाड लॅपटॉपवर दाखवणारी केबल ते स्थळ बघावं तशी बघत. "केबल म्हंजे मध्यस्थ. एकीकडं गाडी, दुसरीकडं लॅपटॉप. मध्यस्थ स्वस्त असावा, पर दोन्हीकडं बोलणारा पायजे." पहिली केबल गाडीशी बोलायची, लॅपटॉपला ओळख दाखवायची नाही. दुसरीचं नेमकं उलटं. तिसरीबरोबर सॉफ्टवेअरची सीडी फुकट मिळाली आणि एकदाचं जमलं. पण सगळं इंग्रजीत. ते वाचायला मी, आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बिघाडाचा जो नंबर येतो त्याला 'कोड' म्हणतात, हे मामांना मीच शिकवलं.

त्यांच्या लेकीला, शारदाला बघायला कुरुंदवाडचे पाहुणे आले, तेव्हा मामा अंगणात गाडीत बसलेले, लॅपटॉप मांडीवर. पाहुणे फाटकात आणि मामा घरातल्या मला ओरडून सांगतायत, "अरं, कोड हाय की! पुसलं तरी परत उठतंय!"

मुलाचे वडील थबकले. "कुणाला कोड, पावणं?"

मामांनी मान वर केली नाही. "आमच्या हिला. कवाचंच हाय. वरनं रंग झ्याक हाय, म्हणून कळत न्हाई."

अंगावरच्या पांढऱ्या डागांनाही आपल्याकडं कोडच म्हणतात, हे माझ्या शिक्षणाला तेव्हा आठवलं. मी "गाडीला, गाडीला" करत धावलो. तोवर मुलाच्या आईनं पदराखालचा हात बाहेर काढला. मनगटापासून पांढरा.

"हाय तर हाय. मलाबी हाय. म्हणून माझा ल्योक उपाशी ऱ्हायला व्हय? बोलवा पोरीला!"

आत चहाला बसल्यावर खरा प्रकार कळला, तेव्हा त्या इतक्या हसल्या, की कपातला चहा साडीवर सांडला. "गाडीला व्हय! मी उगंच हात दावला की." लग्न तिथंच ठरलं.

शारदाची पाठवणी त्याच गाडीतून. ती मागं बसली, मामांनी चावी फिरवली, गाडी ढिम्म. मामांनी फेट्यासकट वाकून केबल जोडली. मी स्क्रीन वाचला. पहिल्यांदाच एकही कोड नव्हता.

"काय म्हणतंय?"

"काही बिघाड नाही म्हणतंय, मामा."

मामांनी मागं वळून शारदाकडं बघितलं. "मग हालत का न्हाई रं?" म्हणाले, आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

शेवटी मामांना खाली उतरवून नवरदेव स्टिअरिंगवर बसला आणि वऱ्हाडानं धक्का मारत गाडी फाटकाबाहेर काढली. मामा लॅपटॉप छातीशी धरून अंगणात उभे होते. केबलचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं.